चुकीच्या घरी गेलेलं पार्सल आणि लेबलवरचा तुमचा नंबर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतले ग्राहक, दुकानदार, पार्सल पोचवणारी मुलं आणि घरून माल पाठवणाऱ्या बायका यांना नेहमी पडणारे प्रश्न इथे घेतले आहेत. पार्सल चुकलं की सगळ्यांचं लक्ष वस्तूकडे जातं. वस्तू बहुतेक वेळा परत मिळते, नाही तर पैसे मिळतात. खोक्यावरचं नाव, मोबाइल नंबर आणि पत्ता मात्र एकदा चार जणांच्या फोनमध्ये गेला की माघारी आणता येत नाही. म्हणून खालच्या उत्तरांत वस्तूपेक्षा लेबलचीच काळजी जास्त दिसेल.

दुसऱ्याचं पार्सल माझ्याकडे आलं

भलत्याच नावाचं पार्सल माझ्या ओट्यावर ठेवून गेले. आधी काय करू?

उघडू नका. लेबलवरचं नाव, पत्ता आणि बारकोडखालचा लांब आकडा बघा. हा आकडा म्हणजे ट्रॅकिंग नंबर, कुरियरवाले त्याला एडब्ल्यूबी म्हणतात. खोक्याचे सगळ्या बाजूंनी फोटो काढून स्वतःपुरते ठेवा, कारण उद्या ‘फाटकं होतं’ असं कोणी म्हटलं तर तोच तुमचा पुरावा. मग कुरियर कंपनीला कळवा. कंपनीचा नंबर लेबलवरून किंवा तिच्या ॲपवरून घ्या. इंटरनेटवर शोधल्यावर वर येणारे ‘कस्टमर केअर’ नंबर कित्येकदा भामट्यांचेच असतात.

फोनवर ट्रॅकिंग नंबर आणि तुमचा पिनकोड एवढंच पुरतं. आधार, बँक खातं, ओटीपी यातलं काहीही परत-उचल करायला लागत नाही. तक्रार क्रमांक लिहून घ्या. न्यायला माणूस आला की त्याने तुमच्यासमोर बारकोड स्कॅन केला पाहिजे. ‘परत घेतलं’ असा तारीख-वेळेसह मेसेज त्याच्याकडून घ्या. स्कॅन न करता नेलेलं पार्सल कंपनीच्या हिशेबात तुमच्याच घरी पडून असतं.

टपाल असेल तर पोस्टमनकडे किंवा पोस्टाच्या खिडकीवर द्या आणि ही व्यक्ती इथे राहत नाही असं सांगा.

लेबलवरच्या नंबरवर मीच फोन केला तर?

चालतं. पण कंपनीला कळवल्यावर, एकदाच, आणि फक्त निरोप द्यायला. ‘तुमनं पारसल आमना घर ऊनं’ (तुमचं पार्सल आमच्या घरी आलं) एवढं सांगितलं की काम झालं. घरी कोण कोण आहे, काय मागवलं होतं, अशी चौकशी करू नका. घ्यायला कोणी आलं तर उलट त्यांनाच विचारा: कुठून मागवलं, ट्रॅकिंगच्या मेसेजमधले शेवटचे चार अंक कोणते? जुळलं तरच द्या. नंतर तो नंबर आणि फोटो दोन्ही पुसून टाका.

पैसे द्यायचं पार्सल असेल आणि घरातल्या कोणी रक्कम भरली असेल, तर ती कंपनीकडूनच परत मागा. दोन अनोळखी घरांनी आपसांत यूपीआयवर हिशेब केला की कोणी किती दिले यावरून भांडण उभं राहतं आणि कंपनी हात झटकते.

गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लेबलचा फोटो टाकला की मालक लगेच सापडतो. त्यात काय वाईट?

हेतू चांगला असला तरी यातून होणारं नुकसान सगळ्यात मोठं असतं. एका ग्रुपमध्ये १,०२४ पर्यंत माणसं असू शकतात, आणि तिथून फोटो पुढे कुठे जातो ते कोणालाच कळत नाही. एका लेबलवर बघा काय काय असतं: पूर्ण नाव, मोबाइल, घर क्रमांक आणि ओळखीची खूण, पाठवणाऱ्याचं नाव, रक्कम, पुष्कळदा वस्तूचं वर्णनही. पाठवणारी औषधांची कंपनी असेल तर आजाराचा अंदाज बांधता येतो. महागडा मोबाइल असेल तर त्या घरात काय आलं ते कळतं. आणि बाईचं नाव-नंबर असेल तर रात्री-अपरात्री मेसेज सुरू व्हायला एक टवाळ पोरगा पुरतो.

ग्रुपवर लिहायचंच असेल तर फोटोशिवाय असं लिहा: ‘पाटील आडनावाचं एक पार्सल चुकून माझ्याकडे आलं आहे. ज्यांचं असेल त्यांनी मला वेगळा मेसेज करून कुठून मागवलं ते सांगावं.’ यात खरा मालक स्वतःहून पुढे येतो आणि ओळखही तोच पटवतो. फोटो आधीच टाकून झाला असेल तर आत्ता ‘सर्वांसाठी डिलीट’ करा. ती मुदत संपली असेल तर ॲडमिनला काढायला सांगा.

चुकून उघडलं गेलं.

तिथेच थांबा. वस्तू वापरू नका, फोटो काढा, होतं तसं बंद करा आणि कळवताना उघडल्याचं सांगून टाका. लपवलं तर आतलं काही कमी निघाल्याचा आळ तुमच्यावर येतो.

ठेवून घेतलं तर कायदा काय म्हणतो?

भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७२ प्रमाणे चुकून हाती आलेली वस्तू परत करावीच लागते. दुसऱ्याची वस्तू अप्रामाणिकपणे लाटणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१४ खाली गुन्हा आहे. शिक्षा किमान सहा महिने ते दोन वर्षं कैद, शिवाय दंड. मालकाला परत द्यायची म्हणून जपून ठेवणाऱ्याला हे कलम लागत नाही. म्हणून पहिल्याच दिवशी केलेली नोंद महत्त्वाची.

कोणीच मागवलं नाही, तरी आमच्याच नाव-पत्त्यावर पैसे द्यायचं पार्सल आलं.

घेऊ नका. कुठून तरी फुटलेल्या पत्त्यांच्या यादीवर भामटे हलका माल पाठवतात आणि ४००-५०० रुपये वसूल करतात. दुपारी घरात आजी-आजोबा असतात, ‘पोराने मागवलं असेल’ म्हणून पैसे काढून देतात. घरात एकच नियम ठेवा: मागवणाऱ्याला फोन लागल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. फोन लागला नाही तर पार्सल परत जाऊ द्या, खरं असेल तर पुन्हा येईल. फुकट आलेल्या खोक्यात ‘बक्षीस लागलं, क्यूआर स्कॅन करा’ अशी चिठ्ठी असेल तर स्कॅन करू नका.

माझं पार्सल दुसरीकडे गेलं

ॲपवर ‘डिलिव्हर्ड’ दिसतंय, हातात काहीच नाही.

त्या पानाचा वेळेसकट स्क्रीनशॉट घ्या. घरात, शेजारी, समोरच्या किराणा दुकानात विचारा. छोट्या गावांत पार्सल बस स्टॅण्डच्या टपरीवर ठेवून जायची पद्धत पडून गेली आहे. तिथेही नसेल तर त्याच दिवशी विक्रेत्याच्या ॲपवर लेखी तक्रार करा. नुसता फोन पुरत नाही, फोनचा पुरावा राहत नाही.

तक्रारीत ‘पोचवल्याचा पुरावा’ मागा: दाराचा फोटो, सही, ओटीपी टाकल्याची वेळ, स्कॅन झाला ते ठिकाण. आपल्याकडे बहुतेक वेळा गाठ इथेच सुटते, कारण फोटोतलं दार कोणाचं ते गल्लीतल्या माणसाला एका नजरेत कळतं. घाई करा. दुकानांतल्या कॅमेऱ्यांचं चित्रण काही दिवसांत आपोआप पुसलं जातं.

ओटीपीने पोचलं असं कंपनी म्हणत असेल तर घरात विचारा, कोणी फोनवर आकडा सांगितला का? ‘मी पाच मिनिटांत येतो, आधी ओटीपी सांगा’ याला कधीही हो म्हणू नका. खोकं हातात, नाव वाचलं, मग ओटीपी.

ज्याच्याकडे गेलं त्याचं नाव आणि नंबर कंपनीने मला द्यायला हवा ना?

नाही. तुमचा राग समजण्यासारखा आहे, पण त्या माणसाने काही केलेलं नाही, त्याच्या दारात खोकं येऊन पडलं एवढंच. कंपनीकडून पार्सल मागा, माणूस मागू नका. तुमचा नंबरही तिने तुम्हाला न विचारता त्याला द्यायचा नाही.

कंपनी दाद देत नाही. पुढे कुठे?

ई-कॉमर्स नियम, २०२० प्रमाणे ऑनलाइन विक्रेत्याच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि एका महिन्यात तक्रार निकाली काढायची असते. त्याचं नाव आणि संपर्क ॲपवर असावाच लागतो. तिथे अडलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. मराठीत बोलता येतं.

त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही ठिकाणी आहे. कंपनीचं ऑफिस बंगळुरूला असलं तरी तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. वस्तूची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षं. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल होते. बिल, तक्रारींचे क्रमांक, स्क्रीनशॉट तारखेच्या क्रमाने लावा. अर्धी लढाई कागदांच्या क्रमावर असते.

आपल्या भागात पार्सल चुकतं कुठे?

पिनकोडमुळे खरंच इतका घोळ होतो?

होतो, कारण पिनकोड जिल्ह्याच्या हद्दीप्रमाणे चालत नाही. चाळीसगाव जळगाव जिल्ह्यात, पण पिनकोड ४२४१०१, म्हणजे धुळ्याच्या ४२४००१ च्या रांगेतला. शिरपूर धुळे जिल्ह्यात, पण ४२५४०५, म्हणजे जळगावच्या ४२५००१ च्या रांगेतला. ‘आपला जिल्हा जळगाव, मग ४२५ असणार’ असं अंदाजाने टाकलं की खोकं दुसऱ्याच केंद्रावर उतरतं. माल पिनकोडवर छाटला जातो. गावाचं नाव कोणी वाचतं ते शेवटच्या टप्प्यावर, तोवर दोन दिवस गेलेले असतात. पोस्टात विचारून गावाचा पिनकोड एकदा पक्का करून घ्या.

गावाचं नाव बरोबर लिहूनही चुकलं.

कुसुंबा धुळे तालुक्यात आहे आणि जळगावच्या विमानतळाजवळही. वाघोदा बुद्रुक आणि वाघोदा खुर्द दोन्ही रावेर तालुक्यात. पिंप्री, वडगाव, सावखेडा किती आहेत ते मोजायला नको. म्हणून बु. किंवा खु., तालुका आणि जिल्हा हे तिन्ही लिहाच. पाटील, चौधरी, महाजन, कोळी, सोनवणे, तिकडे वळवी, पाडवी, गावित ही आडनावं घराघरांत. ‘एस. आर. पाटील’ असं लिहिलं तर एका गल्लीत तीन सापडतात. पूर्ण नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, आणि लोक हाक मारतात ते नाव पाठवणाऱ्याला कळवा.

धुळ्यात गल्ल्यांना नंबर आहेत. ‘ग. नं. ४’ मधला ४ पुसट छापला की ९ वाचला जातो. आकड्याबरोबर अक्षरी ‘चार’ लिहा आणि जवळचं देऊळ किंवा दुकान टाका. जळगावच्या नव्या कॉलन्यांत गट नंबर आणि प्लॉट नंबर यांची अदलाबदल हीच मोठी अडचण: ‘गट ८२, प्लॉट १४’ असं शब्दांसकट लिहा, नुसतं ‘८२/१४’ नको.

आम्ही मळ्यात राहतो. पत्ता काय देऊ?

टपाल खात्याचं डिजिपिन २०२५ पासून सुरू आहे. साधारण ४ मीटर बाय ४ मीटरच्या चौकोनाला दहा अक्षर-अंकांचा एक कोड मिळतो. टपाल खात्याच्या संकेतस्थळावर आपल्या घरावर उभं राहून तो काढा आणि पत्त्याच्या शेवटी लिहा. पण तो थेट दाराशी आणणारा कोड आहे. एकट्या घराचा डिजिपिन फेसबुकवर किंवा ग्रुपवर टाकू नका.

सातपुड्यात, धडगाव-मोलगीकडे, रेंज नसल्यामुळे ओटीपीच पोचत नाही. अशा ठिकाणी तालुक्याच्या गावी ओळखीच्या दुकानाचा पत्ता द्यावा, दुकानदाराला आधी विचारून.

ट्रॅव्हल्सने पाठवलेलं पार्सल

पुण्या-मुंबईला, सुरतेला आपण लक्झरीने डबे पाठवतो. तिथे कसली गोपनीयता?

तिथेच सगळ्यात कमी. पोत्यावर जाड मार्करने नाव आणि दहा आकडी मोबाइल नंबर, आणि ते पोतं रात्रभर डिक्कीत, पहाटे फुटपाथवर. येणारा-जाणारा वाचतो. पोत्यावर पहिलं नाव, उतरायचा थांबा, बिल्टी (ट्रॅव्हल्सच्या ऑफिसची पावती) नंबर आणि मोबाइलचे शेवटचे चार अंक एवढंच लिहा. पूर्ण नंबर बिल्टीवर असतो, तो ऑफिसला पुरतो. घेणाऱ्याला बिल्टीचा फोटो पाठवा. ‘मी त्यांचा भाऊ’ म्हणणाऱ्याला बिल्टीशिवाय देऊ नका असं पाठवतानाच ऑफिसात सांगून ठेवा. दिवाळीच्या फराळाचे डबे एकसारखे दिसतात आणि तिथेच अदलाबदल होते. डब्याच्या आतही एक चिठ्ठी टाका, बाहेरची पुसली तर आतली वाचता येते.

लेबल आणि फसवणूक

रिकामं खोकं भंगारवाल्याला देण्यापूर्वी लेबलचं काय करू?

नखाने लेबलवर जोरात ओरखडा काढा. काळी रेघ उठली तर तो उष्णतेने छापायचा कागद आहे, त्यात शाई नसते. पुठ्ठ्यावर असेल तर गरम इस्त्री काही सेकंद फिरवा, सगळं लेबल काळं होतं. प्लॅस्टिकच्या पिशवीवर इस्त्री लावू नका, चिकटते. तिथे कात्रीने लेबल कापून बारीक तुकडे करा. शाईचं छापील लेबल दहा मिनिटं ओलं ठेवलं की सोलून निघतं. नुसता मार्कर फिरवून भागत नाही, तिरप्या उजेडात खालचे आकडे दिसतात. बारकोड आणि क्यूआरही फाडा.

हे सगळं परतीची मुदत संपल्यावर. त्याआधी लेबल फाडलं तर वस्तू बदलून घेताना अडचण येते.

‘तुमचं पार्सल अडकलंय, पत्ता अपडेट करा’ असा मेसेज आला. खरा की खोटा?

लिंक दाबून पाच-पंचवीस रुपये भरायला सांगितलं असेल तर खोटा. त्या रकमेत त्यांना रस नसतो, कार्डाची माहिती हवी असते. टपाल खात्याच्या नावानेही असे मेसेज फिरतात.

दुसरी चाल जास्त घातक: ‘डिलिव्हरी बॉय बोलतोय, हा नंबर डायल करा’ म्हणून *४०१* किंवा *२१* ने सुरू होणारा आकडा सांगतात. तो डायल केला की तुमचे कॉल त्यांच्याकडे वळतात आणि बँकेचा कॉलवरून येणारा ओटीपीही त्यांनाच ऐकू येतो. डायल झालाच असेल तर लगेच ##००२# लावा, सगळी कॉल-वळवणी बंद होते. पैसे गेले असतील तर क्षणाचाही उशीर न करता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. रक्कम पुढच्या खात्यांत सरकण्याआधी थोपवता येते ती याच वेळात.

पार्सल देऊन गेलेल्या मुलाने माझा नंबर ठेवून मेसेज करायला सुरुवात केली.

स्क्रीनशॉट ठेवा, ‘मेसेज करू नका’ असं एकदा स्पष्ट लिहा, मग ट्रॅकिंग नंबरसह कंपनीकडे तक्रार करा. नकार दिल्यावरही बाईचा पिच्छा पुरवणं हा न्याय संहितेच्या कलम ७८ खालचा गुन्हा आहे. पोलीस ठाण्यात जा, धोका वाटला तर ११२. यात ‘जाऊ दे, पोरगा आहे’ म्हणायचं काही कारण नाही.

माल पाठवणाऱ्यांसाठी

मी घरून केळी वेफर्स, पापड, काळा मसाला पाठवते. लेबलांची अदलाबदल कशी टाळू?

ही चूक जवळजवळ नेहमी एका ठिकाणी होते: टेबलावर पाच बंद खोकी आणि हातात पाच लेबलं. एका वेळी एकच खोकं घ्या. ऑर्डरची चिठ्ठी, माल, चिठ्ठी आत, चिकटपट्टी, लेबल, आणि मोबाइलचे शेवटचे चार अंक चिठ्ठीच्या दुसऱ्या प्रतीशी ताडून मगच दुसरं खोकं. सगळी झाली की वजन करा. लेबलवर अर्धा किलो आणि काट्यावर दोन किलो असेल तर मसाल्याच्या जागी वेफर्स चाललेत.

बिघडलेली छापील लेबलं लगेच फाडा. त्यांच्या कोऱ्या बाजूवर मुलं गणितं करतात, त्यात पापड गुंडाळले जातात, आणि एका गिऱ्हाइकाचा नंबर दुसऱ्याच्या घरी जातो. पॅकिंगला येणाऱ्या बाईला लेबल पुरतं, पूर्ण यादी तिच्या फोनवर पाठवू नका. डिलिव्हरीच्या मुलाला दिवसाचीच यादी द्या आणि संध्याकाळी परत घ्या. जीएसटी नोंदणी असेल तर बिलं ७२ महिने ठेवावी लागतात. गिऱ्हाइकाचं लोकेशन, घराचा फोटो आणि जुनी चॅट ठेवायची गरज नसते, परतीची मुदत संपली की पुसा.

चूक झालीच. दोन्ही गिऱ्हाइकांना काय सांगू?

दोघांनाही, त्याच दिवशी. ज्यांच्याकडे चुकीचं गेलं त्यांना: ‘आमच्या चुकीने दुसऱ्यांचं पार्सल तुमच्याकडे आलं आहे. आम्ही आमच्या खर्चाने उचलून नेतो. लेबलचा फोटो कोणाला पाठवू नका.’ ज्यांचं गेलं त्यांना: ‘तुमचं पार्सल चुकून दुसऱ्या घरी गेलं. त्यावर तुमचं नाव, पत्ता आणि मोबाइल होता. अनोळखी फोन आले तर आम्हाला कळवा. नवीन पार्सल आज निघतंय.’ ही दुसरी ओळ लिहायला जड जाते म्हणून लोक गाळतात. ती गाळू नका. ‘हा घ्या त्यांचा नंबर, तुम्हीच आपसांत बघा’ हे तर अजिबात नको.

इतक्या छोट्या धंद्याला डेटाचा कायदा लागतो?

डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायदा २०२३ चा. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतात. फोनमध्ये किंवा संगणकावर गिऱ्हाइकांची माहिती ठेवणारा धंदा त्यात येतो. माहिती फुटली तर त्या गिऱ्हाइकांना विनाविलंब आणि डेटा संरक्षण मंडळाला ७२ तासांत सविस्तर कळवायचं आहे. सुरक्षेत कसूर झाली तर दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी. किराणा दुकानाला कोणी २५० कोटी लावणार नाही, पण कळवायची जबाबदारी सगळ्यांना सारखी. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ तर आजही लागू आहे: विश्वासाने दिलेली ग्राहकाची माहिती कायद्याचा आधार नसताना उघड करणं ही त्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे.

टपालाने पाठवताना ओटीपीची सोय आहे का?

आहे. १ ऑक्टोबर २०२५ पासून स्पीड पोस्टला ५ रुपये अधिक जीएसटी भरून ओटीपीवर वाटप घेता येतं. घेणाऱ्याचा मोबाइल नंबर बुकिंगच्या वेळी बरोबर नोंदवला ना, ते पावतीवर बघा आणि मगच खिडकी सोडा.